ट्रेकचं सामान घरी बनवायचं की विकत घ्यायचं? कोकणातल्या भटक्यांचे अनुभव

रत्नागिरी

नवरात्र संपलं, पाऊस परतीला लागला की भटक्यांचे एकमेकांना फोन सुरू होतात, सॅक कुठली घेऊ, पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) कुठला चांगला, बूट कुठून आणू. उत्तरं पण ठरलेली, अमक्या दुकानात जा, तमक्या साइटवर सेल लागलाय. पण आपल्याकडे स्वतः शिवून, तासून, बांधून सामान करणारेही बरेच आहेत आणि ते आपणहून कधी बोलत नाहीत, म्हणून या वेळी मुद्दाम सगळ्यांना लिहायला बोलावतोय. काय बनवलंत, कशाचं बनवलंत, माल कुठे मिळाला, किती टिकलं, आणि कुठली वस्तू तुम्ही कधीच घरी बनवणार नाही, सगळं लिहा.

फक्त कोकणातले अनुभव मागतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा, त्यात किनाऱ्याची बारीक वाळू. दुकानातलं बरंचसं सामान थंड आणि कोरड्या डोंगरांसाठी केलेलं असतं. माझ्या सॅकच्या रेनकव्हरचं आतलं कोटिंग चिकट झालं, उग्र वास यायला लागला आणि मग पापुद्रे सुटले, आणि ते कव्हर फार वापरलेलंही नव्हतं. ते पॉलियुरेथेनचं कोटिंग असतं, दमट हवेत ते आपोआप विघटित होत जातं, नुसतं कपाटात पडून असलं तरी. मग मी मोडलेल्या मोठ्या छत्रीचं कापड काड्यांवरून उतरवलं, टोकाचं भोक दुहेरी ठिगळ लावून बंद केलं, कडा दुमडून त्यात इलॅस्टिक ओवलं. छत्रीला मुळातच घुमटासारखा आकार असतो त्यामुळे ४५ लिटरच्या सॅकवर ते छान बसतं, आणि फाटलं तर दुसरी मोडकी छत्री कुणाच्याही माळ्यावर असतेच. तर तुम्ही सांगा.

चिपळूण

मी लेडीज टेलर आहे, ब्लाउज आणि ड्रेस शिवते. भाऊ ट्रेकला जातो, त्याच्या मागे लागून मीपण जायला लागले आणि पहिल्यांदा दुकानातली सॅक हातात घेतली तेव्हा पाठीवर टाकायच्या आधी मी ती उलटी करून शिलाई बघितली, सवयच ती. तेव्हाच ठरवलं की हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

बॉडीसाठी बॅगवाल्यांकडे मिळतं ते कोटिंगचं नायलॉन घेतलं, सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. कॉटनचा दोरा बिलकूल वापरू नका, आपल्या हवेत त्याला बुरशी येते आणि तो कुजतो, कापड चांगलं राहतं आणि शिलाई उसवते. नायलॉनच्या कापलेल्या कडा सुटतात म्हणून मेणबत्तीच्या ज्योतीवरून पटकन फिरवून घ्यायच्या, मग आतून पट्टी लावून दाबायच्या. टाका जरा लांब ठेवायचा. बारीक टाका म्हणजे पक्की शिलाई हे सुती कपड्याला खरं आहे, पण नायलॉनवर टाके फार जवळ घेतले की सुईच्या भोकांची रांग पडते आणि जोर आला की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं.

खरा प्रश्न खांद्याच्या पट्ट्यांचा. पट्टा पाठीच्या कापडाला जिथे मिळतो तिथे सगळं वजन येतं, त्यात आपण चढताना झोके देतो, एका हाताने उचलून एसटीच्या टपावर फेकतो. तिथे पट्टा नुसता वरून शिवून चालत नाही, तो दोन कापडांच्या शिलाईत घालायचा, मागून अजून एक जाड ठिगळ घ्यायचं आणि त्यावर चौकोन मारून आत फुली मारायची. कापड, फोम, निवार पट्टी, परत कापड, एवढी जाडी घरच्या मशिनला झेपत नाही, सुई मोडते नाहीतर टाका सुटतो. त्यासाठी मी रिक्षाची हुडं शिवणाऱ्या काकांकडे गेले. हे नीट वाचा कारण मला वाटतं आपल्या भागातला सगळ्यात मोठा ठेवा हाच आहे, प्रत्येक तालुक्याच्या गावी रिक्षाचं हुड आणि सीट कव्हर शिवणारं कोणीतरी असतंच, त्यांच्याकडे जड मशिन असतं, जाड दोरा असतो आणि पाऊस कुठून आत शिरतो ते त्यांना पाठ असतं. काकांनीच सांगितलं की झाकणाची शिलाई वरच्या बाजूला ठेवू नको, कडेला खाली घे म्हणजे पाणी शिलाईवर थांबणार नाही. मला हे कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं.

ती सॅक घेऊन खेडच्या बाजूचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड असा सलग ट्रेक केला. महिपतगडाच्या जंगलात करवंदीच्या जाळ्यांनी बाजूचं कापड दोन ठिकाणी ओरखडलं पण फाटलं नाही, आणि पट्ट्यांचा एक टाका हलला नाही. रिकामी असताना वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, भावाची दुकानातली १.८ किलोची. अर्थात त्याच्या सॅकला आत फ्रेम आहे, जड सामान न्यायचं असेल तर त्याचीच बरी, हे मीच सांगते. दहा किलोच्या वर माझ्या सॅकमध्ये भरलं की खांदे दुखायला लागतात.

मूळ गुहागर, सध्या मुंबई

चिपळूणच्या ताईंचं काम वाचून आनंद झाला पण माझ्यासारख्यांची बाजू पण यायला हवी. मी गणपतीला, होळीला आणि मधे एखादा जोडून सुटीचा शनिवार-रविवार असेल तर गावी येतो, त्यात आईकडे बसायचं की गडावर जायचं याचीच ओढाताण. मला शिवता येत नाही, मशिन घरात नाही, आणि कापड, फोम, चेन, बक्कल, पट्टी, दोरा असं सगळं सुटं सुटं बाजारातून आणलं तर पहिल्या सॅकचा खर्च दुकानातल्या साध्या सॅकच्या जवळपास जातोच, कारण ते हजारोंच्या हिशोबात माल घेतात आणि आपण मीटरभर. घरी बनवलेलं स्वस्त पडतं हे दुसऱ्या-तिसऱ्या वस्तूपासून खरं होतं, पहिल्यापासून नाही, नवीन लोकांना हे स्पष्ट सांगायला पाहिजे.

मी विकत घेतो आणि मग ती वस्तू जपतो. किनाऱ्यावरून आल्यावर सॅक साध्या पाण्यात बुडवून काढायची, चेनच्या दातांमधली वाळू जुन्या टूथब्रशने झाडायची, मेणबत्ती घासायची. धातूच्या दातांची चेन असलेली वस्तू मी घेतच नाही, खाऱ्या हवेत ती गंजून अडकते, नायलॉनची वेटोळ्याची चेन घ्यावी. आणि रनर ढिला झाला म्हणून चेन बदलायची गरज नसते, रनर बदलून मिळतो किंवा पक्कडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबला तरी चालतो. माझ्या मते आधी दुरुस्ती शिकावी, बनवणं त्याच्या पुढचं.

संगमेश्वर

मला सॅकपेक्षा पावसाबद्दल बोलायचंय. आमच्या घरी लावणीला आजोबा इरलं घेऊन उतरायचे, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यापासून कंबरेच्या खालपर्यंत. वाकून काम करताना पाठ पूर्ण झाकलेली आणि हात मोकळे. मी लहानपणी ते डोक्यावर घेऊन बघितलेलं आहे, त्याच्या आत बसलं की पावसाचा आवाज येतो पण अंगाला काही लागत नाही, इरलं पाठीला टेकत नाही, मधे हवा खेळत राहते. सगळी गंमत त्या मधल्या हवेत आहे.

आता महागडी जॅकेटं बघा. त्यातला पातळ पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो म्हणतात आणि सोडतोही, पण आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. श्रावणात आपल्याकडे बाहेरच हवेत ओल ठासून भरलेली असते, वाफ जाणार कुठे? शृंगारपूरकडून प्रचितगड चढताना मी अशा जॅकेटमध्ये आतून जेवढा भिजलो तेवढा पावसात उघडा भिजलो असतो. तेव्हापासून मी पोंचो वापरतो, घरीच शिवलेला, आणि शिवताना इरलं डोळ्यासमोर ठेवलं. मापं अशी की सॅकसकट अंगावर यायला हवा, म्हणून मागची बाजू पुढच्यापेक्षा हातभर लांब. बाजू शिवल्या नाहीत, फक्त कोपराच्या खाली एकेक प्रेस बटण. टोपीच्या कडेत जाड तार घातली, त्यामुळे पाणी चेहऱ्यावरून ओघळत नाही आणि चष्मा बऱ्यापैकी कोरडा राहतो. वारा सुटला की कमरेवरून एक दोरी बांधायची, नाहीतर पोंचो शिडासारखा भरतो, शिडीवर असाल तर ते धोक्याचं आहे. प्रचितगडाच्या शिडीखाली थांबून मी आधी दोरी बांधतो मगच वर पाय ठेवतो.

कपडे कोरडे ठेवायला सॅकच्या आत युरियाची रिकामी गोणी, आतल्या प्लास्टिकसकट, आणि तोंड पिळून दुमडून बांधायचं. ती आधी चांगली धुवा. याच्यासाठी वेगळी ड्रायबॅग विकत घ्यायची मला कधी गरज वाटली नाही.

अलिबाग

एक छोटी गोष्ट. खाली अंथरायला वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. निवडणूक झाली की हवे तेवढे मिळतात. जमिनीची ओल वर येत नाही, टोकदार दगड टोचत नाहीत, फाटला तर दुसरा. वजन मात्र आहे, सहा बाय चारचा तुकडा पाऊण किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे एकट्याच्या सॅकमध्ये नको, चौघांत एक मोठा घ्यावा. छापलेली बाजू खाली.

महाड

वरचं सगळं वाचलं, आवडलं, आणि आता जे लिहितोय ते जरा कडक वाटेल पण ते लिहिल्याशिवाय राहवणार नाही. मी कातळारोहण करतो, लिंगाण्याला दोर लावणाऱ्या टीमबरोबर जातो. दोर, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), स्लिंग (पट्टीचा शिवलेला फास) आणि हेल्मेट या पाच वस्तू घरी बनवायच्या नाहीत, बाजारात साधी निवार पट्टी घेऊन त्याची स्लिंग शिवून घ्यायची नाही, मासेमारीचा दोर किंवा विहिरीचा दोर कड्यावर न्यायचा नाही. कितीही जाड असला तरी नाही.

कारण सांगतो. प्रश्न दोर तुटण्याएवढाच तो ताणण्याचा आहे. लीड करणारा, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढणारा माणूस पडला की त्याची पडण्याची सगळी ताकद कुठेतरी जिरायला लागते, क्लाइंबिंगचा डायनॅमिक दोर ताणला जाऊन ती जिरवतो. ईएन ८९२ हे त्याचं युरोपियन मानक आहे, त्यात ८० किलोचं वजन ठरलेल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा पाडून बघतात, सिंगल दोराने कमीत कमी पाच वेळा ते झेलायला लागतं आणि पहिल्या पडण्याला बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. न ताणणाऱ्या दोरावर तोच माणूस पडला तर दोर शाबूत राहील आणि कमरेचं हाड मोडेल, नाहीतर अँकर, म्हणजे दोर कड्याला जिथे अडकवलाय तो आधार, उपटेल. कॅराबिनरवर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला असतो, लांबीच्या दिशेने साधारण २० ते २४, म्हणजे दोन टनांच्या वर. हार्डवेअरच्या दुकानातल्या हुकवर असलं काही नसतं, तो पिशवी लटकवायचा आहे.

चिपळूणच्या ताईंची शिलाई उत्तम असेल यात शंका नाही. पण हार्नेसचा टाका पक्का आहे की नाही हे तपासायचा घरी एकच मार्ग आहे, तो म्हणजे पडून बघणं, आणि तिथे दुसरी संधी नाही. मापून बघायची सोय नाही तिथे हात घालू नये एवढंच माझं म्हणणं आहे. कोणी म्हणेल की अमेरिकेत रे जार्डिन नावाच्या गृहस्थांनी सॅक आणि रजया स्वतः शिवल्या, लोकांना शिवायची किट विकली आणि कड्याच्या फटीत अडकवायचं स्प्रिंगचं कॅमही स्वतःच शोधून काढलं. खरं आहे, कॅमची गोष्ट १९७० च्या दशकातली. पण ते विमान-अवकाश क्षेत्रातले इंजिनिअर होते, आणि आधी स्वतः आणि ठरावीक मित्रांनी ते वर्षानुवर्षं वापरून बघितलं.

दोर, स्लिंग विकत घेतल्यावर पण आपल्या हवेत काळजी आहेच. नायलॉनचा दोर ओला झाला की त्याची ताकद कमी होते, वाळला की बरीचशी परत येते. सावलीत वाळवा, उन्हात नको. दोराची पिशवी मात्र खुशाल शिवा, माझी आईने शिवलेली आहे, तिला खाली अंथरायचा चौकोन जोडलेला आहे त्यामुळे दोर मातीत लोळत नाही.

सावंतवाडी

महाडच्या दादांचं शंभर टक्के पटलं. आता चालायच्या काठीबद्दल, कारण ती मी दरवर्षी बनवतो आणि माझ्या मते ती विकत घेण्यात काही अर्थ नाही.

आपल्या सिंधुदुर्गात माणगा बांबू आहे, बाकीच्या बांबूंसारखा तो आत फार पोकळ नसतो, कुडाळच्या बाजूला तर लोक त्याची लागवड करतात. बेटातली कोवळी काठी तोडायची नाही, ती हिरवीगार आणि गुळगुळीत दिसते म्हणून हात तिकडेच जातो पण ती वाळल्यावर सुरकुतते. तीन वर्षांच्या पुढची घ्यायची, तिचा रंग मंद झालेला असतो, अंगावर पांढुरके डाग येतात, वाजवली तर टणक आवाज येतो. पावसाळा गेल्यावर तोडायची. मग वहाळात दगडाखाली दाबून आठवडा-दोन आठवडे ठेवायची, आतला स्टार्च पाण्यात निघून जातो, तोच खायला किडा येतो आणि काठीतून पिवळट भुगा पडायला लागतो. नंतर सावलीत उभी वाळवायची. वाकडी असेल तर निखाऱ्यावर त्या पेराला ऊब देऊन गुडघ्यावर हळूहळू सरळ करता येते, घाई केली तर चिरते.

खालच्या टोकाला कुबडीचं रबर लावा, औषधाच्या दुकानात मिळतं, कातळावर पकड चांगली येते आणि झिजलं की दुसरं. वर हाताला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, घामाने घसरत नाही. विकतच्या ॲल्युमिनियमच्या काठीचं पिळून बसवायचं लॉक खाऱ्या हवेत आणि चिखलात अडकतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. माणग्याची काठी मात्र लहान करता येत नाही, एसटीत कंडक्टरला सांगून ड्रायव्हरच्या मागे उभी करावी लागते.

दुसरं म्हणजे आंबोलीत पावसात जाणाऱ्यांनी जळवांचे मोजे शिवावेत. तिथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, पायाखालचा पाचोळा नुसता जिवंत असतो. साध्या मोज्याच्या विणीतून जळू आरामात आत जाते. मांजरपाट घ्या, घट्ट विणीचं, त्याची गुडघ्यापर्यंत येणारी पिशवी शिवा, तळ पावलाच्या आकाराचा, वर नाडी. साध्या मोज्यावरून हे चढवायचं आणि मग बूट. पांढरं कापड घ्या म्हणजे चढणारी जळू लगेच दिसते. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नवीन मुलांना पहिल्यांदा घेऊन जाताना याने त्यांची निम्मी भीती जाते.

मालवण

मी तंबू नेत नाही, ताडपत्रीसारखं वापरायचं हलकं कापड नेतो, तीन मीटर बाय तीन मीटर, कडेला आणि मधे मिळून सोळा फासे शिवलेले. फासे शिवताना प्रत्येक ठिकाणी मागून गोल ठिगळ, नाहीतर वाऱ्याला पहिले तेच जातात. ऑक्टोबरनंतर पाऊस नसला तरी रात्री दव एवढं पडतं की सकाळी पांघरूण पिळून घ्यावं.

दोऱ्या जाळ्याच्या सामानाच्या दुकानातल्या. ते दोर खाऱ्या पाण्यासाठीच केलेले असतात. गाठी मी रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणाऱ्या शेजारच्या काकांकडून शिकलो, नायलॉन गुळगुळीत, साधी गाठ ओली झाली की सरकते, त्यांनी जाळ्याच्या गाठीला अजून एक वेढा देऊन दाखवलं आणि म्हणाले, "आता वढून बघ, ही सुटाची नाय." आणि खरंच सुटत नाही.

वाळूत खुंट्या धरत नाहीत, त्याचा उपाय असा की पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि कोपरभर खोल खड्ड्यात आडवी पुरायची, वरून पायाने दाबायचं. वेगळ्या खुंट्या वाहायला नकोत. पिशव्या परत उकरून घ्यायच्या, तिथे सोडायच्या नाहीत.

एक विनंती आहे. वेळास, आंजर्ले असल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. तिथे वाळूवर मुक्काम करू नका, टॉर्च मारू नका, उजेडाने पिल्लांची समुद्राकडची दिशा चुकते. गावात घरोघरी राहायची सोय होते, तिथे राहा.

देवगड

स्टोव्हबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा स्पिरिटचा स्टोव्ह बनवायचे व्हिडिओ मुलं मला दाखवतात, मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून. वस्तू म्हणून तो सुंदर आहे, दोन कॅनचे तळ एकमेकांत बसवायचे, कडेला सुईने भोकं, आतल्या स्पिरिटची वाफ होऊन भोकांतून ज्योत येते. वर्गात, पाण्याची बादली शेजारी ठेवून, मी स्वतः करून दाखवते. पण आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, तो नेऊ देत नाही आणि तुम्हीही नेऊ नका. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, कॅन हलका असल्यामुळे वाऱ्याने किंवा पायाने कलंडतो, आणि डिसेंबरनंतर सड्यावरचं गवत इतकं सुकलेलं असतं की एक ठिणगी पुरते. वणवा लागला की तो थेट कलमांच्या बागांत शिरतो. हापूसचं कलम उभं राहायला किती वर्षं जातात ते ज्याच्या घरी बाग आहे त्याला विचारा. स्टोव्ह घ्यायचाच तर रुंद पायाचा, नॉबने लगेच बंद होणारा गॅसचा विकत घ्या आणि उघड्या कातळावर, गवत बाजूला करून पेटवा.

खरं म्हणजे एका मुक्कामासाठी शिजवायचं कशाला? घावणे आणि सुकी चटणी, तांदळाची भाकरी, सातूचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी, नाचणीचे लाडू. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत न्या, पाण्यात घालून मीठ टाकलं की झालं. ट्रेकचं खाणं पाकिटातलं महागडं घेणाऱ्यांना मी हे कळकळीने सांगते, हे सगळं आपल्या घरात बनतं आणि टिकतं, आणि चवीला त्या पाकिटांच्या कितीतरी पुढे आहे.

दापोली

माझं वय साठीच्या पुढे आहे आणि मी अजून चालते. दापोलीत थंडीत पारा कधीकधी दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे पांघरुणाचा विचार करावाच लागतो. जुन्या साड्यांची गोधडी घरात कितीही उबदार असली तरी ट्रेकला नको, जड होते आणि एकदा दवाने भिजली की दिवसभर वाळत नाही. पिसांची स्लीपिंग बॅग आपल्या दमट हवेत दबते आणि ऊब जाते. मी गोधडीचीच रीत वापरून वेगळा माल घेतला, वर आणि खाली टाफेटा, मधे उशीत भरतात तसल्या पॉलिएस्टरचा पातळ थर, आणि हाताने धावदोरा. फक्त धावदोऱ्याच्या ओळी लांब लांब घेतल्या, कारण जिथे टाका पडतो तिथे थर चेपतो आणि थंडी तिथूनच लागते. पायाकडचा भाग पिशवीसारखा शिवून बंद केला. आत झोपायला जुन्या मऊ सुती साडीची खोळ, ती धुवायला सोपी. पॉलिएस्टर भिजलं तरी झटकून तासा-दोन तासांत वापरण्याजोगं होतं.

मला एमा गेटवुड या बाईंबद्दल मुलीने सांगितलं होतं. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अकरा मुलांची आई, अमेरिकेतल्या अपालाचियन ट्रेलवर जॉर्जियापासून मेनपर्यंत एकटी चालत गेली. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तीन हजार किलोमीटरच्या वर अंतर. माझ्या वयाच्या बायका "आमच्याकडे सामान नाही" म्हणून ट्रेकला येत नाहीत, त्यांना मी ही हकीकत सांगते आणि मग शिवायला बसवते.

राजापूर

बूट विकतच घ्या, त्यात घरगुती काही चालत नाही. ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे रबरी तळव्याची पकड लागते, म्हणून आपल्याकडचे भटके वर्षानुवर्षं ॲक्शन ट्रेकिंगचे बूट घालतात, किंमत परवडते आणि पकड चांगली. एकच काम घरचं, पावसाळ्याआधी मोच्याकडून तळव्याला चहूबाजूंनी शिलाई मारून घ्या. बुटांच्या तळव्यातला मऊ थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, रत्नागिरीकरांनी कोटिंगचं सांगितलं तोच प्रकार, बूट दोन वर्षं पेटीत ठेवलेले असले की नेमके गडावर तळवे सुटतात. शिलाई असेल तर निदान खाली गावात येईपर्यंत साथ देतात. आणि फुरशांचा भाग आहे आपला, घोटा झाकणारेच घ्या.

चिपळूण

मघापासून तीन-चार जणांनी सॅकची मापं विचारली आहेत, ती लिहिते. आधी पाठ मोजा. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप सरळ धरा, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. पट्टे वर कुठे शिवायचे ते या मापावर ठरतं, सॅकच्या उंचीवर नाही. एक-दोन दिवसांसाठी २८ सेंटीमीटर रुंद, १८ खोल आणि ६० उंच अशी सॅक करा, साधारण ३० लिटर होते. सगळीकडून दीड सेंटीमीटर शिलाईचं जास्तीचं धरून कापा, वरच्या तोंडाला गुंडाळी करायला २० जास्त ठेवा, गुंडाळीचं तोंड केलं तर चेन लागतच नाही आणि वाळूचा प्रश्नच मिटतो. जुन्या चादरीच्या कापडाची एक आधी शिवून त्यात खरं सामान, पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांसकट, भरून घरात जिना चढून बघा, पट्टे वर-खाली करायचे तर ते चादरीवर करा. नायलॉन कापायचं त्यानंतर. पट्ट्यांच्या कामाला हुडवाल्यांकडे जाणार असाल तर पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्यांच्याकडे रिक्षांची रांग असते, दिवाळीनंतर गेलात तर ते निवांत बसून करून देतात.